येशूला बोललेला नवस

१४ जानेवारी, उत्तरायण
प्यायले! अख्खा कप!
गच्चीवर वाल्मिकने कुणाचा तरी पतंग कापला, सगळे ‘काप्यो छे!’ म्हणून ओरडायला लागले, शेजारच्या दक्षाबेनने हातात कप दिला – आणि मी ओरडत ओरडत तो रिकामा केला. तळाशी आल्याचा तुकडा दिसला तेव्हा आठवलं. नवऱ्याला, वाल्मिकला, कडोदऱ्याच्या कापड मिलमध्ये नोकरी लागू दे, वर्षभर चहा सोडते, असा नवस मीच येशूला बोलले होते. नोकरी लागली. आणि मी ही अशी!

१५ जानेवारी
सकाळीच गॅस संपला. शिक्षेला सुरुवात झाली वाटतं.

१६ जानेवारी
कुकरची रिंग गेली. साडीवर चिकटवायचे खडे सांडले, निम्मे मोरीत. आता पाळी नोकरीची! वाल्मिकला मिलमधून यायला जरा उशीर झाला की मी दारातच जाऊन उभी राहते.
शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्या अजून कानबाई देवीच्याच भक्त; नवसातलं त्यांना कळतं. तर त्या पोट धरून हसल्या. ‘तुना देव बी वसुलीले येस का व?’


१८ जानेवारी, रविवार
चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकांच्या बायकोला, लीलाताईंना, गाठलं. म्हटलं, मोठं पाप झालंय. त्या घाबरून मला कोपऱ्यात घेऊन गेल्या.
‘चहा?’ त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, ‘अगं, ज्याने तुझ्यासाठी जीव दिला, तो तुझ्या अर्ध्या कपावर टपून बसलाय होय?’
‘अख्खा होता,’ मी म्हटलं.
‘बरं, अख्ख्या! नोकरी त्याने दिली ती तू त्याची लाडकी म्हणून. चहा मागितला होता का त्याने?’
आधी हसू आलं, मग रडू. इतकी वर्षं देवाला नुसती घाबरत होते, आणि त्यालाच भक्ती म्हणत होते! लीलाताईंनी चहा टाकला. दोन कप प्यायले.

२२ जानेवारी
ट्यूब उडाली. उडाली तर उडाली. जुनीच होती.

४ फेब्रुवारी
वाल्मिक भर दुपारी घरी आला. तो काम करायचा ते खातंच मिलने बंद केलं. नोकरी गेली.
गच्चीवरचा तो कप आठवलाच.
तो मान खाली घालून म्हणाला, ‘मनंच काहीतरी चुकनं व्हई. देव कोपना.’
‘नही कोपस तो,’ मी म्हटलं. आणि म्हणताना कळलं – मला खरंच तसं वाटतंय!
त्याचा डबा उघडला. तसाच भरलेला. दोघं मिळून जेवलो.