गाडी उभी असली की दिवे लागतात

३ नोव्हें., सोम.
गाडीच्या आतले, मागचे दिवे परत गेले, फाट्याच्या गतिरोधकावर. घरी आणून गाडी उभी केली तर सगळे लख्ख. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमचे हे, अशोकराव. कंपनीत क्वालिटीला होते, घरी अजून आहेत. खाली गेले, बटण दाबलं, वर आले. "ओके आहे."
हो, उभी गाडी ओकेच असते.
याच गाडीतून शाळेची पोरं नेली मी इतकी वर्षं. ते काम सोडलं आणि साहेबांनी चार महिने खपून तिचं फिरतं घर केलं. पलंग, ओटा, कपाट, छताला दिवे. सगळं माझ्या ताईसाठी. तिचा खुबा गेलाय, प्रवास करायचा तर आडवं पडूनच. ऑपरेशनच्या आधी एकदा अजिंठा बघायचाय तिला, तिथं वर न्यायला डोली मिळते. नंतर कोण कधी हलू देतंय. पण गाडीत मागं अंधारात उठली आणि पडली तर? म्हणून दिवे हवेतच.

५ नोव्हें., बुध.
मीटिंग. गाडीत! साहेब आणि गायकवाड भावजी, हेही त्याच कंपनीतून रिटायर. फळ्यावर माशाचा सांगाडा काढला, बिघाडाचं मूळ कारण शोधायला म्हणे. काट्यांवर माणूस, मशीन, माल, पद्धत. 'माणूस'च्या काट्यावर माझं ड्रायव्हिंग. दोनदा चहा नेऊन दिला. दिव्याच्याच उजेडात बसून दिवा का लागत नाही यावर चर्चा. एका शहाण्यानं पॅनल उघडलं असेल तर शपथ.
म्हटलं, बॅटरीचा कंदील टांगते, जाऊन येऊ.
"ते तात्पुरतं झालं. आधी रूट कॉज."
दातातली सुपारी काढायलाही समिती नेमतील.

८ नोव्हें., शनि.
दारावर लाल टॅग. 'होल्ड'. माझ्या गाडीला! म्हणे सही झाल्याशिवाय हलवायची नाही. टॅग फाडला आणि त्यांच्या चहाच्या बशीत ठेवला.
दुपारी मीच फ्यूज बदलले. जुने चांगलेच होते.

११ नोव्हें., मंगळ.
हॉस्पिटलचा फोन. तारीख अलीकडे आली, पुढच्या मंगळवारी भरती. म्हणजे हाच शनिवार-रविवार. सोमवारी लेणी बंद. ताईनं लेण्यांत नेसायच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करून ठेवली.
साहेबांना म्हटलं, चालत्या गाडीत कुणीतरी मागं बसून वर बघायला पाहिजे. मी स्टिअरिंगवर, ताई कुठं उठून बघणार? तुम्ही बसा.
"बघू."
"आत्ता चला, एक चक्कर मारू."
"गायकवाडला विचारतो."
लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस माझ्या चालत्या गाडीत एकदाही बसला नाही. बायको चालवणार आणि हे शेजारी बसणार, तेवढ्यानं कमीपणा येतो. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मीही नाद सोडला होता. आज परत डोक्यात गेलं.

१३ नोव्हें., गुरु.
साहेब बँकेत गेलेले, गायकवाड भावजी आले. मी सगळं ओकून टाकलं त्यांच्यापुढं.
"वहिनी, त्याला मागं बसायला नका सांगू."
"का? मिशा गळतील?"
"नाही ओ. त्याला गाडी लागते."
कंपनीच्या बसमध्ये म्हणे कायम ड्रायव्हरशेजारी. खिशात लिंबू, पिशवी. अख्ख्या शिफ्टला माहीत. "तुम्हाला सांगू नको म्हणायचा. ती दिवसभर पोरांची ओकारी पुसते, घरी आणखी एक कशाला."
म्हणून गावाला जायचं तर मोटारसायकल, नाहीतर रेल्वे. म्हणून "एसटीचं काय खरं नाही".
गल्लीनं बायकोला कमी लेखणारा म्हटलं तर चालेल, ओकणारा म्हटलेलं चालणार नाही! आधी हसू आलं. मग कीव आली. मग कीव आली म्हणून राग आला. माझ्या गाडीतली बालवाडीची पोरं पहिल्या दिवशी सांगायची, काकू, मला मळमळतं.
आणि असल्या माणसानं फिरतं घर बांधलं. ज्यातून स्वतःला फिरता येत नाही ते...

१४ नोव्हें., शुक्र.
गाडी लागण्याचा विषय मी काढला नाही. एवढंच सांगितलं, पहाटे निघतोय, ताई आणि मी. दिवे लागोत न लागोत.
"मी ओके दिलेलं नाही."
"मागितलंय कुणी?"
जेवले नाहीत. रुसले असतील. रुसा.

१५ नोव्हें., शनि.
चाकणच्या पुढं चहाला थांबलोय. गाडीतच लिहितेय.
पहाटे निघताना मागचं दार उघडलं, साहेब आत. मफलर, टेस्टर. ताईच्या पायाशी बसले, मान वर. आरशात दिसले, मी न बघितल्यासारखं केलं.
तळवड्याला दिवा गेला. पुढच्या गतिरोधकावर आला.
"दिसलं का काही?"
"चालव तू."
महाळुंग्याला खड्डा. मागून ताई, "अगं, दिवा गेला! आणि अशोकराव पण!" मग तो आवाज. तो मला पाठ आहे.
पिशवीतून तोंड काढून म्हणतात, "कपाटामागं वायर लोंबतेय... हिसका बसला की..." परत पिशवीत.
कपाट कुणी बसवलं? क्वालिटीनंच.
"वळवू का मागं?"
"नको. ताईंना दाखवून आणू. संध्याकाळच्या आत जोडतो."
आता बाहेर कठड्यावर बसलेत, लिंबू चोखत. तोंड दुधी भोपळ्यासारखं झालंय. एक हात अजून पिशवीला, वायर काय जोडणार. ताई म्हणते, त्यांना पुढं घे, पुढं कमी लागतं. मला शिकवते! पण पुढं बसले तर वायर कोण धरणार? आणि मागं बसले तर लेण्यांपर्यंत पोचतील का?
पुढच्या सीटवरची माझी पर्स, डबा, सगळं उचलून मागं टाकलं. काच खाली केली. म्हटलं, या.
सीटकडे बघतायत. उठले नाहीत अजून.