मढच्या वाडीतल्या पपया

विलेपार्ले, १२ जानेवारी २०२५

चि. हरेश्वर यास,
ताईचा आशीर्वाद आहे, रागही आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. शूटिंगवाल्यांची व्हॅन उभी करायला माझ्या पपया तोडल्यास, आणि मला ते शेजाऱ्यांकडून कळावं? पाच वर्षं गोड जातीचा काटक जातीशी संकर करत होते. भरपूर धरेल आणि रिंगस्पॉट रोगाला दाद देणार नाही, असं झाड हवं होतं. आत्ता कुठे हाती लागत होतं. वाडी दोघांची आहे, रे. जरा लाज वाटू दे.
रत्नप्रभा

मढ, २० जानेवारी

ती. ताईस नमस्कार, पद्धत म्हणून.
व्हॅनचं निमित्त झालं. रोगट झाडं तू मुद्दाम तुझ्या पपयांमध्ये लावलीस, कुठलं तगतं ते बघायला. तोच रोग मावा किडीनं कमळच्या पपयांवर नेला. पानं आकसली, फळांवर गोल डाग. मासळीच्या पाटीसोबत ती तीच पपई विकायची. तिनं तुला विचारलं, तर पाणी कमी पडतंय म्हणालीस. बायको रडतेय आणि मी तुझं संशोधन सांभाळू? कोयता मीच चालवला. कुंपणाजवळचं एक झाड राहिलंय, ते डायरेक्टरला फ्रेममध्ये हवं होतं. फळं घेऊन जा. घरात येऊ नकोस.
लोभ होता तेवढा पुरे.
हरेश्वर

विलेपार्ले, १८ फेब्रुवारी

हरेश्वर,
रविवारी तरीनं खाडी ओलांडून आले. कमळच्या पपयांवर चहूकडे रोग, पण कुंपणाजवळच्या त्या झाडाचं एकेक पान स्वच्छ, खोड फळांनी लगडलेलं. अगदी हवं होतं तेच! ओरडावंसं वाटलं. दारात कमळ उभी होती. तिनं पाणीही विचारलं नाही. मी तिच्याशी खोटं बोलले होते, म्हणून मीही मागितलं नाही. बियांची रोपं करून पाठवते, ती तिची. सगळी टिकणार नाहीत. तुला मात्र मी माफ केलेलं नाही.
रत्नप्रभा

मढ, १ फेब्रुवारी २०२६

ताई,
कमळनं रोपं आधी तशीच पडू दिली, मग लावली. काही गेली. उरलेली डागाशिवाय वाढली, फळांनी वाकलीत. काल तिनं पहिली पपई कापून आळीत वाटली. तुला कळवायचं नाही, असं तिनं बजावलंय. मी कळवतोय. त्याचा अर्थ ‘ये’ असा घेऊ नकोस.
हरेश्वर