एर्लिंडाला काही कळत नाही

९ सप्टेंबर, सोमवार
माझ्या सुपात पुन्हा युका. बटाट्याच्या सुपात तो पांढरा, दोरे सुटणारा कंद घालायचा म्हणजे माझा अपमानच. सांताक्रूसच्या गरम मुलखातली सून आणली की हेच होणार. ते लोक आम्हा डोंगरवाल्यांना तोंड शिवलेले म्हणतात. आम्ही त्यांना तोंडाळ म्हणतो. दोघांचंही खरं आहे.
असो. नमस्कार, वही.
विद्यापीठातल्या पेरेदोबाई बाजारात आल्या, थेट माझ्या बटाट्यांपाशी. पुढच्या आठवड्यात आमच्या या डोंगरातल्या सुक्रे शहरात जगभरच्या शिक्षणपंडितांची संघटना जमणार आहे. तिचं नाव इतकं लांब, की बाईंना मध्ये श्वास घ्यावा लागला. ते लोक देशोदेशींच्या शिक्षणाची तुलना करतात. या कामाचा पगार मिळतो हे मला आज कळलं. मी आयुष्यभर सुनांची तुलना फुकट केली.
विषय आहे संस्कृतींमधला संवाद. बटाट्याचं ज्ञान आजीकडून नातीकडे कसं जातं, यावर मी बोलायचं. बाई मानाने ‘दोन्या’ लावून म्हणाल्या, दोन्या सेबास्तियाना, संवादाचं तुमच्याइतकं जिवंत उदाहरण आम्हाला मिळायचं नाही.
बाईंना माणसांची पारख आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार
एद्गार, माझा मुलगा, तोंड पाडून आला. म्हणे, आई, तू एर्लिंडाशी एक शब्द बोलत नाहीस. असंच राहिलं तर महिनाअखेर आम्ही सांताक्रूसला, तिच्या आईकडे. पोरीलाही घेऊन.
बोलत नाही म्हणजे? रोज बोलते. “एद्गार, तिला सांग मीठ कमी आहे.” हे काय मग? ती समोरच बसलेली असते, तिचं उत्तरही एद्गारकडूनच येतं. ते माझ्याकडे राहायला आल्यापासून दोन वर्षं सुरळीत चाललंय. संवादाला मधला माणूस लागतोच. (हे भाषणात घालायचं.)
जायचं तर जा म्हणावं. नात पाच वर्षांची. सतरा जातींचे बटाटे डोळे मिटून नुसत्या हाताने ओळखते. तिकडे काय ओळखणार? मला काय त्याचं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
भाषण क्वेचुआत, आम्हा डोंगरवाल्यांच्या जुन्या भाषेत, करायचं म्हणतात. मला स्पॅनिश चांगलं येतं, पन्नास वर्षं त्याच भाषेत गिऱ्हाइकांशी भांडले. पण पाहुण्यांना क्वेचुआ आवडतं. टोपी आणि घेरदार स्कर्टही आवडतो. दुभाषा परदेशी प्रोफेसर आहे, क्लेमेन्स नावाचा. क्वेचुआ पुस्तकातून शिकला.
एर्लिंडाला क्वेचुआ येत नाही. हा तिचा एकच गुण. भांडी घासताना तिच्याबद्दल जे वाटतं ते मी क्वेचुआत बोलून टाकते. पोट हलकं होतं. ती शेजारी उभी राहून भांडी पुसते, मान हलवते. तिला वाटत असेल मी प्रार्थना म्हणतेय.
संकल्प: भाषण होईपर्यंत तिला क्वेचुआतही शिव्या द्यायच्या नाहीत.

१४ सप्टेंबर, शनिवार
दिल्या. तिने टोपी धुतली. भाषणाची टोपी. धुऊन छान झाली, पण विचारायचं तरी.

१८ सप्टेंबर, बुधवार
प्रोफेसर ओळख करून घ्यायला घरी आला. त्याचं क्वेचुआ म्हणजे न शिजलेला वाटाणा. मला परीक्षा घेणं भाग होतं. मिरचीची चटणी पुढे केली आणि क्वेचुआत सांगितलं, जिभेच्या टोकाला लाव फक्त. तो म्हणाला, हो हो, कळलं. आणि चमचाभर खाल्ली. मग आणखी एक, शिष्टाचार म्हणून.
एर्लिंडा दारात उभी राहून हसत होती. कशाला, देव जाणे. तिला काय कळलं असणार?

१९ सप्टेंबर, गुरुवार
प्रोफेसर हॉटेलात आडवा. पोट. माझा काही दोष नाही, मी स्पष्ट सांगितलं होतं.
पेरेदोबाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, तुम्ही बोलाच, भाव पोहोचतो. समोर शंभर विद्वान, गळ्यात नावाच्या पाट्या. सकाळपासून हे लोक संवादावर बोलत होते, आणि एकजण दुसऱ्याचं ऐकत नव्हता. मागे एर्लिंडा कॉफीचा ट्रे घेऊन. ती तिथल्याच कॅन्टीनमध्ये कामाला आहे.
माइक हातात आला आणि बटाटे विसरले. म्हटलं, कुणाला कळतंय इथे? मग सुटले. म्हटलं, ती ट्रेवाली माझी सून. बटाटा सोलते की तासते कळत नाही. हसते तर तीन घरं जागी होतात. माझ्या भांड्यात युका घालते. गेल्या वर्षी मला ताप आला तेव्हा तीन दिवस माझे पाय पुसत बसली. मी झोपेचं सोंग घेतलं, कारण जागी असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.
विद्वान माना हलवत होते.
एर्लिंडाने ट्रे खाली ठेवला. पुढे आली, दुसरा माइक घेतला आणि सगळं स्पॅनिशमध्ये सांगितलं. तासते, हसते, युका. एक शब्द गाळला नाही. तापाचं, झोपेच्या सोंगाचं, तेही सांगितलं.
म्हणजे दोन वर्षं भांडी पुसताना ही शिकत होती. माझ्याच शिव्यांतून. उच्चार प्रोफेसरपेक्षा चांगले.
मग माझ्याकडे वळून, क्वेचुआत म्हणाली, “मामाय, आम्ही जायचं की राहायचं?”
मामाय म्हणजे माझी आई. पहिल्यांदा म्हणाली.
मी माइक तोंडाशी नेला आणि क्वेचुआतच विचारलं, बाथरूम कुठे आहे.
ते तिने भाषांतर केलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार
संघटनेने प्रमाणपत्र पाठवलं. नाव चुकलंय. सोबतच्या पत्रात लिहिलंय की माझं शेवटचं, भाषांतर न झालेलं वाक्य हे संस्कृतीत रुजलेलं उत्तर होतं. शिकलेल्या माणसांना काहीही सांगा, टिपून घेतात.
दारात दोन बॅगा भरून ठेवल्यात. नातीची छोटी, वर बाहुली. एद्गार विचारत होता, आई, तिला काय सांगू? मी म्हटलं, तू काही सांगू नकोस. तुला सांगायला लावून दोन वर्षं वाया गेली.
बाजारातून दोन किलो युका आणली. विकणारी बघत राहिली.
बोलायला गेले तर तोंडातून मिठाचंच निघेल, म्हणून ही वही स्वयंपाकघरात उघडी ठेवतेय. तिला वाचता येतं. माझं अक्षर वाकडं आहे, चालवून घे.
उद्या सुपात युका आधी टाकायची की बटाटे? मला येत नाही. उत्तर एर्लिंडाने द्यायचं, तोंडाने, आणि मला. एद्गारने मध्ये पडायचं नाही.