तुम्ही वस्तादाचा हात बघितला होता

अण्णा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धजतोय. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यातल्या कामानं तुमचे कान बरेचसे नेले, आणि माझे असे तिखट की मोटारीचं बटण दाबलं की नुसत्या घुमण्यावरून सांगतो, बेअरिंग गेलंय की आतल्या तारेचं वाइंडिंग. आता मोटार दुरुस्तीचं दुकान माझं, वरची पाटी माझी. पण लेकीच्या शाळेपुढं हे कान कामाला येईनात.

ती आठ वर्षांची आहे, गावातल्या मोठ्या इंग्रजी शाळेत जाते. पाढे, कविता सगळं धडाधडा म्हणते. पाहुणे खूश होतात. मला मात्र कोरडी चाललेली मोटार ऐकू येते, फिरतेय जोरात, पाणी काही उचलत नाही. पूर्वी 'असं का?' विचारून जीव खायची. आता विचारतच नाही.

म्हणून परवा तिला येडशीच्या रस्त्यावरच्या शाळेत घेऊन गेलो. शेतात दोन खोल्या. पोरं महिनाभर एकच काम धरतात, गणित आणि लिहिणं त्यातूनच शिकतात. सध्या मेथीच्या वाफ्याला ठिबकच्या नळ्या बसवणं चाललंय. मी बाहेर उभा राहून कान दिला. कुणी भांडतंय, कुणी गातंय, कुणी ठोकतंय. शाळा आहे की आठवडी बाजार, काही कळेना. तेव्हा तुम्ही आठवलात.

मी सातवीतून उठलोय, आणि तुम्ही मला घेऊन वाइंडिंगच्या दुकानासमोर सकाळपासून उभे आहात. आतलं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही. एका शिकाऊ पोराकडून तार जळते. वस्ताद बघतो, आणि त्याच्यापुढं नवी तार ठेवतो. तुम्ही लगेच माझं मनगट धरून मला आत नेता. तुम्ही परत वळताना मी विचारतो, "अण्णा, मला जमंल का हितं?" तुम्ही सरळ निघून जाता. ऐकू आलं नसेल, असं मी धरून चालतो. रात्री आईला म्हणालात, "हात बघितला त्येचा. तार जळली, तरी पोरावर उठला न्हाय."

मग परवा मीही त्या शेतातल्या शाळेच्या बाईंचे हात बघितले. पोरांत बसून लेकीनं ठिबकची नळी आखूड कापली. माझाच हात पुढं गेला. "दादा, राहू द्या," बाई म्हणाल्या, "तिचं बिघडलंय, तिला बघू द्या." त्यांचे हात पाठीमागंच. लेकीनं नळी वाफ्याला लावून बघितली, आणि म्हणाली, "असं का झालं?"

लेकीला इथंच घालायचं, मी तिथल्या तिथं होय म्हणून टाकलं. निघताना विचारलं, इथली सातवी झाल्यावर पुढं काय? बाई म्हणाल्या, "खरं सांगू? आमची पहिली तुकडीच अजून तिथवर पोचायचीय." घरी बायको म्हणाली, "तुम्ही शाळा सोडून तगलात ते नशिबानं. पोरीसाठी पण तसलंच नशीब बांधून ठेवलंय व्हय?" ती चुकीचं बोलत नाही, हीच पंचाईत. एवढ्या गिऱ्हाइकांना बोलून गुंडाळणारा मी, ताट तसंच ठेवून हात धुवायला उठलो.

आज गाडीवर मागं बसून लेकीनं माझ्या कानाशी विचारलं, "बाबा, मला जमंल ना तिथं? आणि न्हाय जमलं तर?"

वारा होता, पण एवढा नव्हता. मी ऐकूच न आल्यासारखी गाडी चालवत राहिलो. अण्णा, त्या दिवशी तुम्हालाही ऐकू आलं होतं, व्हय ना?