आडवे दगड

पालघर, रविवार संध्याकाळ, मे १९६४

हात अजून चुरचुरतायत आणि डोकं तापलंय. चार रविवार आम्ही श्रमदानवाले दहा-बारा जण गायरानातल्या टेकडीची वाट दुरुस्त करत होतो. पावसाच्या लोटांनी तिची पार घळ झाली होती. गुरं राखणाऱ्या लखमाकाकांनी वाटेत ठिकठिकाणी दगड तिरके, आडवे रोवायला शिकवलं. "मास्तर, पानी बाजूला काडून द्या, नाय तर वाटच घेऊन जाईल."

आज मोठे साहेब बघायला येणार, म्हणून आमच्या अध्यक्षांनी सकाळीच ते सगळे दगड उपटायला लावले. का, तर साहेबांना ठेच लागेल! मग तेच दगड दोन्ही कडांना ओळीनं मांडून चुन्यानं रंगवले. अहो, आडवे होते म्हणूनच कामाचे होते ना ते? तेव्हा तोंड का उघडलं नाही मी?

साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. "छान, छान," म्हणाले आणि गेले.

लखमाकाका नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. तीनदा साबण लावला, तरी नखांतला चुना निघत नाही.