बाटलीत बुडबुडा नको

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, देशोदेशी अणुविज्ञानाची मदत पोचवणाऱ्या तुझ्या थोर कार्यालयाने माझा अर्ज परत पाठवला. सोबत एका ओळीची चिठ्ठी: कृपया यंत्राचं नाव न घेता पुन्हा लिहावा. ठमे, मी उभी नोकरी पाणीखात्यात काढली. मला अर्ज लिहिता येत नाही असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं, ते आता माझ्या बहिणीच्या कार्यालयाने म्हटलं. नाकाला काय मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू!

तुला माहीत आहे तरी पुन्हा सांगतो, म्हणजे तुझ्या साहेबिणीला ऐकवता येईल. खालच्या वस्तीत अजून नळ नाही. बायका चढावरच्या सार्वजनिक नळावर जातात आणि भरलेली भांडी घेऊन त्या निसरड्या पायऱ्या उतरतात. त्यात माझ्या सासूबाईही आल्या. मी त्यांना शब्द दिला आहे, की माझ्या निवृत्तीआधी तुमच्या दारात नळ येईल. त्यासाठीच खोल विहिरींची योजना आखली. कातळाखाली पाणी लागलं आहे, आणि काय पाणी! पंप लावला की थांबायचं नाव घेत नाही. नगरसभा फक्त एवढंच विचारते की ते टिकेल याला पुरावा काय. तो मिळावा म्हणून पाण्यातल्या अणूंवरून त्याचं वय, म्हणजे ते जमिनीत मुरून किती वर्षं झाली हे, मोजणारं यंत्र आणि त्याची प्रयोगशाळा मागितली. आमच्या मंत्रालयाला तर त्याच अर्जात छोटी अणुभट्टीही घालायची होती, ती मीच हातापाया पडून काढायला लावली. आणि वर मलाच शिकवणी!

तुझी वहिनी म्हणते, राग पत्रात ओतून झाला असेल तर चहा घ्यायला या. जातो.

रागावलेला असलो तरी तुझाच,
दादा

*

२१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग थोडं वाईट वाटलं. क्रम उलटा हवा होता हे मान्य. आपल्या देशाच्या अर्जांना मी हात लावायचा नाही असा इथे नियम आहे, तेव्हा चिठ्ठी माझी नव्हे. पण ती कुठून येते ते सांगते, म्हणजे तुझा राग निदान योग्य पत्त्यावर जाईल.

माझी साहेबीण ठेंगणी आहे, आवाज बारीक, टेबलावर एक चष्मा आणि एक पेन्सिल. पहिल्या परिच्छेदात यंत्राचं नाव दिसलं की ती अर्ज परत पाठवते, मग तो राजाचा असो की रंकाचा. तिचं म्हणणं असं, की यंत्राचं नाव एकदा घेतलं की माणूस त्या यंत्राला साजेशी गरज शोधत बसतो. आधी दुखतं कुठे ते सांगा, औषधाचं आपण मिळून बघू. मी नवीन असताना मलाही हा तऱ्हेवाईकपणा वाटला होता. मग एका देशाने कर्करोगावर किरणोपचार करणारं महागडं यंत्र मागितलं. तिने अर्ज परत पाठवला, त्यांनी चरफडत पुन्हा लिहिला, तेव्हा उघड झालं की तसली यंत्रं त्यांच्याकडे झाकून पडली आहेत, चालवणारं माणूसच नाही. त्यांची माणसं शिकवून परत पाठवली. आज तिथे रुग्णांना उपचार मिळतात. दुसऱ्या एका देशाला वाटत होतं की आपल्याला फळं किरणांनी निर्जंतुक करायचा कारखाना हवा. निघालं असं की फळमाशी बागेतच घात करते आहे. मग किरणांनी वांझ केलेले नर बागांत सोडले, माद्यांनी त्यांच्याशी संसार थाटले, आणि पुढची पिढी आलीच नाही. हसू नकोस, फळं वाचली.

दादा, मी त्या बाईपुढे मनातल्या मनात रोज हात जोडते. तू एकदा तिचं ऐकून लिहून तर बघ. तुला नक्की काय कळायला हवं आहे?

वहिनीला नमस्कार. तुझा राग उतरला की कळव, लोभ तोवर मी सांभाळून ठेवते.

तुझी,
ठमी

*

१४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

लिहिला पुन्हा. आठवडाभर कागद समोर घेऊन बसलो, पण यंत्राशिवाय वाक्यच पुढे जाईना. शेवटी चिडून एकच ओळ लिहिली: आम्ही कातळाखालून जे पाणी उपसणार आहोत, ते पावसाने पुन्हा भरतं का, हे आम्हाला माहीत नाही.

लिहून झाल्यावर मीच त्या ओळीकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी ते पाणी टिकणारच असं धरून चाललो होतो आणि त्याला फक्त दाखला हवा होता. माहीत नाही, हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. तुझ्या साहेबिणीला माझा नमस्कार सांग. अजून थोडा कुरकुरत केलेला, पण नमस्कार.

तुझा,
दादा

*

२ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

वन्सं म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून मुद्दाम म्हणते.

इकडची हकिगत सांगते, कारण तुमचे दादा लाजेने सांगणार नाहीत. तुमच्याकडून एक तज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी सांगितलं, की इथे प्रयोगशाळेची गरजच नाही. शेजारच्या देशात चांगली आहे, तिथे पाणी पाठवायचं आणि खात्यातल्या रसायनवाल्या मुलीने तिकडे जाऊन ही विद्या शिकून यायची. त्या मुलीचे पाय जमिनीवर नाहीत. तपासणीसाठी खोल विहिरींचं पाणी घ्यायचं ठरलं, आणि सोबत नदीकाठच्या वाळूतल्या उथळ विहिरींचंही, तुलना व्हावी म्हणून.

बाटल्या ह्यांनी स्वतः भरल्या. कोणाला हात लावू दिला नाही. आणि सगळ्या वाया गेल्या! खात्यात जंतू तपासायला पाणी घेतात तेव्हा वर दोन बोटं जागा ठेवतात, बाटली हलवता यावी म्हणून. ह्यांनी सवयीने तशीच ठेवली. वयाच्या तपासणीला मात्र बाटली काठोकाठ भरायची असते. आत हवा राहिली तर पाणी थोडं उडून जातं, त्यातला हलका भाग आधी उडतो, आणि हिशेब चुकतो. तिकडून निरोप आला तेव्हा ह्यांनी जो कपाळावर हात मारला, तो मी स्वयंपाकघरात ऐकला.

आता घरात बुडबुड्याचं खूळ शिरलं आहे. नव्या बाटल्या बादलीत बुडवून भरतात, पाण्याखालीच झाकण लावतात, मग एकेक उलटी करून खिडकीशी उजेडात धरतात. बुडबुडा दिसला की पुन्हा. परवा खालच्या वस्तीत आईकडे गेलो, तर तिच्याकडच्या औषधाच्या बाटलीतही हे बुडबुडा बघत होते. आईने चष्म्यावरून असं पाहिलं, की माझी हसून पुरेवाट झाली. ती सध्या जावयावर खूश आहे. जो भेटेल त्याला सांगते की नळ येतोय.

मुलांचं ठीक चाललं आहे. तब्येतीला जपा, आणि वहिनीवर माया ठेवा.

तुमची,
वहिनी

*

६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर आलं. कातळाखालचं पाणी सात-आठ हजार वर्षांचं आहे. ते मुरलं तेव्हा इथे शहर काय, वस्तीही नसेल. आजच्या पावसाचा एक थेंबही तिथे पोचत नाही. मी ते उपसलं असतं तर काही वर्षं नळ धो धो वाहिले असते, माझं नाव झालं असतं, आणि आपली नातवंडं कर्ती व्हायच्या सुमारास विहिरी कोरड्या पडल्या असत्या. वाळूतलं पाणी मात्र तरुण निघालं. दरवर्षी पाऊस ते भरतो. ते कमी आहे, जपून घ्यावं लागेल, लांबून आणावं लागेल, पण परत भरतं.

दोन दिवस तो अहवाल उलटसुलट वाचला. कागद माझ्याच हातात होते. रसायनवाली मुलगी म्हणाली, की अहवाल नगरसभेपुढे सावकाश ठेवला तरी चालेल, तोवर काम सुरू झालेलं असेल. तिने ते मला वाचवायलाच म्हटलं, राग नाही. पण मला तुझ्या साहेबिणीची पेन्सिल आठवली. मी नगरसभेत उभा राहिलो आणि माझी योजना मीच मागे घेतली. कोणीतरी ओरडून विचारलं, की आता पाण्याला जन्मदाखलाही लागणार का. सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. वाळूतल्या पाण्याची योजना मंजूर झाली, पण ती माझ्या निवृत्तीआधी पुरी होणं नाही.

सगळ्यात कठीण होतं सासूबाईंना सांगणं. पायऱ्या उतरून गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि भांडं उचलून चढावर पाण्याला गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ठमे, शब्द मोडला गं मी.

तुझा,
दादा

*

१९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, तुझ्या सायकलवर शाळेत गेले, तुझ्या पगारावर शिकले. तेव्हाही तू मोठा वाटायचास. पण परवा तुझं पत्र वाचलं आणि मला प्रथमच नीट कळलं की माझा भाऊ केवढा आहे. इथे मी रोज अर्ज वाचते. मदत मिळाल्याचे फोटो पुष्कळ येतात, फिती कापतानाचे. मिळालेल्या उत्तरासाठी स्वतःची योजना मोडणाऱ्याचा फोटो कोणी पाठवत नाही.

साहेबिणीला मी सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, की आपण त्या देशाला यंत्र दिलं नाही हे किती बरं झालं, हवा होता तो माणूस त्यांच्याकडे आधीच होता. असं ती सहसा कोणाबद्दल बोलत नाही.

शब्द मोडला म्हणू नकोस. उशीर झाला म्हण. तुझ्या सासूबाईंचं मला सांगता येत नाही, पायऱ्यांनी झिजलेल्या त्यांच्या गुडघ्यांना मी शहाणपण शिकवणार नाही.

अभिमानाने डोळे भरलेली,
ठमी

*

३० ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आजच लिहायचं होतं, म्हणून भांडी तशीच टाकून बसले आहे.

तुमचे दादा निवृत्त होऊन बरेच महिने झाले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. वाळूतल्या विहिरींचं पाणी आज खालच्या वस्तीत पोचलं. नळ सोडायला नवे साहेब होते. ह्यांना बोलावणं होतं, पण हे मागे भिंतीला टेकून उभे राहिले, कोणी पाहुणा असावा तसे. आईने ही जवळजवळ दोन वर्षं ह्यांना पाण्यात पाहिलं होतं. सणासुदीलासुद्धा माझ्याकडून निरोप द्यायची, थेट बोलायची नाही. त्यामुळे मीही ह्यांना पुढे व्हा म्हटलं नाही.

नळाला धार आली. मोठी नाही, पण न तुटणारी. रसायनवाली मुलगी शेजारच्या देशातून शिकून आता परत आली आहे, तिने आधी आपली बाटली भरून घेतली, दरवर्षी घ्यायची म्हणते. मग पहिलं भांडं वयाच्या मानाने आईचं लागलं. तिने ते शांतपणे भरू दिलं. नवे साहेब पुरे म्हणाले, तरी नळ बंद करू दिला नाही. पाणी काठावरून सांडायला लागलं तेव्हा तिने मान वर केली आणि गर्दीत ह्यांना शोधलं.

जावईबापू इकडे या, अशी सगळ्यांदेखत हाक मारली. हे आले. तिने ते भरलेलं भांडं ह्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, की नीट उजेडात धरून बघा, बुडबुडा राहिला नाही ना.

वन्सं, हे रडले. आणि भांडं मात्र जराही हिंदकळू दिलं नाही, तसंच धरून आईच्या दारापर्यंत चालत गेले.

माया आहेच, ती अशीच भरलेली राहू दे.

तुमची,
वहिनी