धुम्मसडाकणीची साक्ष

बडोदे,
६ जानेवारी २०२५

चि. मुकुंद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मिरजेत तुला थंडी सोसत नाही, हे वाचून वाईट वाटलं. ज्याचे फोटो चौकाचौकांत ‘शहराचा शत्रू’ म्हणून लागलेत, त्याने पळून जाताना निदान मफलर घ्यायचा. आणि हौसेने फोन करू नकोस. शहराच्या त्या उडत्या रक्षकाला, नभकेतूला, शहरातला प्रत्येक फोन ऐकू येतो, हे तो स्वतःच मुलाखतींत सांगतो. बंद पाकीट मात्र त्याला वाचता येत नाही. त्यामुळे आपलं खलनायकत्व सध्या पोस्टाच्या तिकिटांवर चाललंय.

काल गोरव्याला जाऊन गोविंदला भेटले. नवीन पाय बसवलाय, दारापर्यंत चालून दाखवलं. तुझ्या शेजारच्या मशीनवर तो बावीस वर्षं होता, त्यामुळे आधी तुझीच चौकशी. मी म्हटलं, मजामां. तो म्हणाला, ताई, नभकेतू एका साखळीचोराच्या मागे आमच्या शेडचं छप्पर फोडून आत आला, आणि मुकुंदने हात वर करून सगळ्या लोखंडी तुळया जागच्या जागी हवेत धरल्या नसत्या तर तीस माणसं गेली असती. एक तुळई निसटली आणि माझा पाय गेला, एवढंच. मी म्हटलं, बाबा रे, हे तू वर्तमानपत्रांना का सांगत नाहीस? तर म्हणे दोनदा सांगितलं. त्यांनी छापलं, ‘लोहासुराच्या हल्ल्यात कामगार जायबंदी, नभकेतू धावून आला’. धावून आला हे खरंच आहे म्हणा. छपरातून आला.

तुला निदान लोहासुर म्हणतात, भारदस्त नाव आहे. मी चौतीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर नभकेतूच्या दोन मिरवणुकांवर हातांतून थोडं धुकं सोडलं, तर गुजराती पेपरांनी मला ‘धुम्मसडाकण’, म्हणजे धुक्याची चेटकीण, करून टाकलं. डाकण! ती दांडिया बाजारात राहते आणि रोज सकाळी त्यांचाच पेपर विकत घेते, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, नभकेतू महाराज सुट्टीवर आहेत. मांजाने गळा कापेल म्हणून त्या दिवशी उडत नाहीत. दोन फेब्रुवारीला मात्र नवलखी मैदानावर त्यांचा नागरी सत्कार आहे. मी आपलं नुसतं कळवलं.

पोटभर जेवत जा. माझी माया आहेच, ती तिकिटाशिवाय पोचते.

तुझी,
ताई


मिरज,
१५ जानेवारी २०२५

ती. ताईस मुकुंदचा शि. सा. न. वि. वि.

तू ‘नुसतं कळवतेस’ तेव्हा काय होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी येतोय.

त्याचं ते चमचमतं चिलखत पोलादी आहे. भाषणानंतर तो टाळ्यांसाठी मैदानावर घिरट्या घालतो. तेव्हा तू धुकं सोड, मी त्याला खाली ओढून मागच्या चिखलात बसवतो. धुकं उतरलं की शहराने आपला देव चिखलात बसलेला बघावा. गोविंदनेही बघावा.

मला त्याला मारावंसं वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. रात्रंदिवस तेच वाटतं. पण तुझ्या पायांची शपथ, चिखलापलीकडे काही करणार नाही. तू शेवटच्या रांगेत उभी राहा, आणि काही बिघडलंच तर मला ओळख न दाखवता सरळ घरी जा. तुझे गुडघे पळापळीचे राहिलेले नाहीत, असं इथल्या घरमालकीण वहिनीदेखील म्हणतात. (हे त्यांनी म्हटलेलं नाही, मी म्हणतोय.)

लीलो चेवडो आणून ठेव. गुन्हा उपाशी पोटी होत नाही.

राग धरू नये, लोभ सोडू नये.

तुझा,
मुकुंद


बडोदे कारागृह,
११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. मला लाकडी बाकावर बसवतात आणि दोरीने बांधतात, कारण लोखंडी बेड्या माझ्याजवळ आल्या की लाजून उघडतात. इथे पत्रं वाचली जातात, तेव्हा वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार.

तू पेपर वाचलेच असशील. मी काय झालं तेवढं सांगतो. भाषणानंतर त्याने शाळेच्या सहलीची बस उचलली. मुलांसकट! कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं. लोकांना आवडेल असं वाटलं असावं, आणि लोकांना आवडलंही. तेवढ्यात धुकं आलं. कुठून आलं मला ठाऊक नाही, माघात पडतंच. मी हात खाली घेतले होते, ताई. बस दिसताच घेतले. आणि मग मुलांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. बस त्याच्या हातून सुटली होती. मी ती धरली. चाळीस मुलं आणि ड्रायव्हर, दोन पुरुष उंचीवर. हळूहळू जमिनीला टेकवली. नाकातून रक्त आलं, त्यापलीकडे मला काही झालं नाही.

धुकं विरलं तेव्हा लोकांना दिसला तो हात उगारलेला लोहासुर आणि वर नभकेतू. पुढचं त्यांनी स्वतःच समजून घेतलं.

आता माझं एकच मागणं आहे. माझ्या बाजूने साक्ष द्यायला कुणीही येऊ नये. ज्यांना काही दिसलं असेल त्यांनी घरी राहावं, गुडघे शेकावेत. मी खरंच त्याला पाडायला गेलो होतो. शिक्षा अगदीच चुकीच्या माणसाला होत नाहीये.

हात जोडून सांगतो, ऐक. नेहमीसारखं करू नकोस.

तुझा धाकटा,
मुकुंद


बडोदे,
२८ फेब्रुवारी २०२५

चि. मुकुंद यास अनेक आशीर्वाद. साहेबांनाही.

नेहमीसारखं केलं.

आधी घडलं ते ऐक. मागच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीचा, कपाळावरचे केस मागे हटलेला एक माणूस. शर्टाचं बटण तुटलेलं. म्हणाला, मी नभकेतू. मी म्हटलं, छप्पर शाबूत ठेवून आलात, आभारी आहे. खुर्ची दिली. पाणीही दिलं, आपल्या आईने शत्रूंनाही पाणी द्यायला शिकवलंय.

धुक्यात त्याने मला वरून पाहिलं होतं. सगळे पळत होते आणि एकटी मी हात पसरून उभी होते. इतके दिवस पोलिसांना का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला की तुम्ही पकडल्या गेलात तर बस कुणाच्या हातून सुटली तेही बोलाल. त्याची ताकद वर्षभर कमी होत चालली आहे. हातांना मुंग्या येतात. त्या दिवशीही आल्या. लोकांचा विश्वास उडेल म्हणून मी गप्प राहावं, अशी त्याची विनंती होती. मी म्हटलं, लोकांचा विश्वास वाचवताना माझा भाऊ किती वर्षं खर्च होणार, ते तेवढं सांगा. तो उठून निघून गेला. पाणी तसंच ठेवून.

काल मी न्यायालयात गेले. नभकेतूही साक्षीदार म्हणून मुखवटा घालून समोर बसला होता. इरकली नेसले होते, डाकणीनेही नीटनेटकं असावं. सांगितलं की धुकं माझं आहे, त्यामुळे त्यात काय घडलं ते मला दिसतं. बस नभकेतूच्या हातून सुटली आणि माझ्या भावाने धरली. सरकारी वकील हसले. म्हणाले, बहिणीचं प्रेम आम्ही समजू शकतो, पण शहर ज्या डाकणीला शोधतंय ती ही म्हातारी बा आहे यावर विश्वास कसा ठेवायचा?

मग मी विश्वास ठेवायला मदत केली.

मुकुंदा, इतकं दाट धुकं मी आयुष्यात सोडलं नव्हतं. न्यायाधीशांना स्वतःचं टेबल दिसेना. सगळीकडे खोकला, आरडाओरडा, खुर्च्या पडल्याचे आवाज. आणि त्यात समोरून एक आवाज आला, अगदी साधा, मुलाखतीतला नव्हे. बाई खरं सांगतात, तो म्हणाला. बस माझ्या हातून सुटली. गोरव्याचं छप्परही मीच फोडलं होतं.

त्याला कुणी बघत नव्हतं, म्हणून त्याला बोलता आलं. मी धुकं तसंच धरून ठेवलं, तो पुरतं बोलेपर्यंत. विरलं तेव्हा तो साक्षीदाराच्या खुर्चीपाशी उभा होता, मुखवटा हातात घेऊन, आणि सगळं शहर त्याच्या विरळ केसांकडे बघत होतं. मी त्याचा द्वेष करायला गेले होते. तेवढं मात्र जमलं नाही.

तुला सोमवारी जामिनावर सोडतील. माझ्यावर त्याच दिवशी आरोप ठेवणार आहेत, मिरवणुकांचे आणि मैदानाचे, सगळे खरे. मी नाकारणार नाही. तेव्हा बहुतेक तू फाटकातून बाहेर येशील आणि मी आत जाईन. तिथे थांबून नाटक करू नकोस. मला हात दाखव आणि सरळ गोविंदकडे जा, तो सेव-उसळ करून वाट बघणार आहे.

आता पत्रं तू लिहायचीस आणि मी वाट बघायची. आळस केलास तर धुकं भिंतीबाहेर येतं, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई,
वसुंधरा